तारू गेले, माणसे वाचली

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. वर्धा आणि पैनगंगा या नद्या त्याच्या सीमेवरून वाहतात. पावसाळ्यात कुठे पैलतीरी जाण्यासाठी डोंगा लागतो, एवढाच आमच्या लोकांचा नौकानयनाशी संबंध. मुंबईचा किनारा येथून रस्त्याने सहाशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. आमच्या धर्मग्रामातील कित्येक वृद्ध मंडळींनी जन्मात कधी भरती-ओहोटी पाहिलेली नाही. असे असूनही आमच्या गायनांत, प्रार्थनांत आणि विशेषतः आम्हा धर्मगुरूंच्या प्रवचनांत समुद्र सतत उसळत असतो. जीवन हा सागर, संकट हे वादळ, श्रद्धा हा नांगर, ख्रिस्तसभा ही नौका आणि प्रभू हा सुकाणूधारी. मराठी संतपरंपरेने दिलेला भवसागर आणि लॅटिन परंपरेने दिलेली नौका या दोहोंचा वारसा आम्हांला लाभला आहे. चर्चच्या ज्या मध्यभागात भाविक बसतात त्याला इंग्रजीत 'नेव्ह' म्हणतात, तो शब्दही जहाज या अर्थाच्या 'नाविस' या लॅटिन शब्दावरून आला असे सांगतात. सेमिनरीत शिकलेली ही माहिती आम्ही गेली पंचवीस-तीस वर्षे मोठ्या आवडीने सांगत आलो आहोत.

तथापि ही सारी जहाजे लाकडाची नव्हेत, शब्दांची आहेत, हे ध्यानात येण्यास एक दुःखद प्रसंग घडावा लागला. काही वर्षांपूर्वी नापिकी आणि कर्ज यांनी खचलेल्या एका तरुण शेतकऱ्याने आपले जीवन संपविले. त्याच्या घरी प्रार्थनेला गेलो असता आम्ही प्रभूने वादळ शांत केल्याचा शुभवर्तमानातील उतारा वाचला आणि त्यावर नेहमीचे चार शब्द बोललो. प्रार्थना संपल्यावर त्याची आई म्हणाली, "फादर, आमचं तुफान त शमलं नाई ना जी." तिच्या स्वरात राग नव्हता. ती केवळ वस्तुस्थिती सांगत होती. आमच्यापाशी उत्तर नव्हते. उतारा खरा होता. परंतु आम्ही वाचला तो या घरासाठी नव्हता, ही टोचणी मनात राहिली.

त्यानंतर आम्ही समुद्राविषयीचे लेखन निराळ्या दृष्टीने वाचू लागलो. जुनी शिडाची जहाजे कशी चालत, कशी फुटत, त्यांवरील माणसांचे काय होई, याची माहिती मिळवू लागलो. त्या वाचनातून दोन वृत्तान्त आमच्या मनात ठसले. एक मराठी ख्रिस्ती साहित्याचे जनक फादर थॉमस स्टीफन्स यांचे १५७९ सालचे पत्र. दुसरा संत लूकने लिहिलेला 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाचा सत्ताविसावा अध्याय. दोन्हींचे लेखक स्वतः जहाजावर होते. दोघांनीही जहाजाचे रूपक केले नाही. या दोन वृत्तान्तांचे साहित्य म्हणून मूल्यमापन करावे आणि त्यांच्या कसोटीवर आमच्या प्रवचनांची भाषा घासून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

फादर स्टीफन्स आपल्या वाचकांना 'ख्रिस्तपुराणा'चे कवी म्हणून परिचित आहेत. १६१६ साली रायतूर येथे छापलेल्या त्या दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या ग्रंथाने मराठी भाषेवरील एका परदेशी माणसाचे प्रेम अजरामर केले. परंतु हा कवी गोव्याला कसा पोहोचला याचा विचार आपण सहसा करीत नाही. १५७९ च्या ४ एप्रिलला त्यांनी लिस्बन सोडले आणि २४ ऑक्टोबरला ते गोव्यास उतरले. पाच जहाजांचा तांडा होता. प्रवास साडेसहा महिन्यांहून अधिक चालला. उतरल्यावर थोड्याच दिवसांनी, १० नोव्हेंबरला, त्यांनी इंग्लंडमधील आपल्या वडिलांना सविस्तर पत्र लिहिले. रिचर्ड हॅक्लुट या संकलकाने ते १५८९ मध्ये आपल्या प्रवासवृत्तांच्या संग्रहात छापले, म्हणून ते आज आपल्याला वाचता येते.

या पत्राचा पहिला गुण असा की, ते परमेश्वराचे नाव घेते, परंतु त्या नावाआड काहीही झाकत नाही. लेखक तरुण येशुसंघीय आहे, मिशनकार्याच्या उत्साहाने निघाला आहे. तरी तो वडिलांना उपदेश करीत नाही, पाहिलेले सांगतो. गिनीच्या किनाऱ्यापाशी वारा पडतो आणि उकाड्यात जहाज दिवसेंदिवस जागच्या जागी राहते, हे तो सांगतो. वादळ नव्हे, तर वाऱ्याचा अभाव हीदेखील शिडाच्या जहाजावरील मोठी आपत्ती आहे, ही गोष्ट आमच्या एकाही प्रवचनात कधी आली नव्हती. पाण्यावर तरंगणारे विचित्र जीव, जहाजामागून येणारे हिंस्र मासे आणि त्यांच्यासोबत पोहणारे लहान मासे यांचे वर्णनही तो करतो. भारताचा किनारा जवळ आल्याच्या खुणा तर तो क्रमाने नोंदवितो : प्रथम पक्षी, मग माडाच्या झावळ्या आणि गवत, मग पाण्यावर पोहणारे साप, आणि नाण्यासारखी गोल, निसर्गानेच ठसा उमटविलेली एक वस्तू.

दुसरा गुण म्हणजे अज्ञानाची प्रांजळ कबुली. उत्तर-दक्षिण आपण कुठे आहोत हे सूर्य-ताऱ्यांच्या उंचीवरून काढता येते. परंतु पूर्व-पश्चिम किती आलो हे मोजण्याचे खात्रीचे साधन कुणापाशीच नाही, असे तो स्पष्ट लिहितो. ही अडचण पुढे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ टिकली. जॉन हॅरिसन या इंग्रज कारागिराने १७५९ मध्ये समुद्रावरही अचूक चालणारे घड्याळ पूर्ण केले, तेव्हा कुठे तिचा उलगडा होऊ लागला. तोवर सुकाणूवाले अनुभव, होकायंत्राच्या सुईचा कल आणि पक्षी पाहून अंदाज बांधीत. स्टीफन्सच्या जहाजाचाही अंदाज चुकला. हिंदुस्थान जवळ आले असे वाटत असताना प्रवाहांनी त्यांना तांबड्या समुद्राच्या तोंडाकडील सोकोत्रा बेटाकडे नेले होते.

केप ऑफ गुड होपपाशी तर जहाज फुटण्याच्या बेतात होते. वारा त्याला खडकाळ किनाऱ्याकडे ढकलीत होता, नांगर गमावले होते, आणि परमेश्वर व निर्मळ विवेकबुद्धी यांखेरीज कुठलाही आधार उरला नव्हता, अशा आशयाचे तो लिहितो. मग अकस्मात जमिनीकडून वारा सुटला, शिडे भरली आणि जहाज किनाऱ्यापासून दूर गेले. देवाचे आभार मानून तो दुसऱ्याच वाक्यात दुसऱ्या दिवसाच्या मासेमारीकडे वळतो : इतके मासे मिळाले की सगळ्या जहाजाला त्या दिवशी पुरले आणि पुढच्या दिवशीही काही उरले. आम्हांला या ठिकाणी लेखकाचा मोठेपणा दिसतो. दुसऱ्या एखाद्या धार्मिक लेखकाने चमत्कारावर पानभर निरूपण केले असते. स्टीफन्स वाऱ्याची दिशा सांगतो, कृतज्ञता सांगतो आणि भुकेल्या माणसांना जेवू घालतो.

तरीही टीकाकाराने या पत्रातील उणिवेकडे डोळेझाक करू नये. उशिरा निघाल्यामुळे जहाजाने मोझांबिकला न थांबता मादागास्कर बेटाच्या बाहेरची लांब वाट धरली. ताजे पाणी नाही, ताजे अन्न नाही. हिरड्या सुजून वाढत, त्या कापून काढाव्या लागत. पाय सुजत, अंग बधिर होई आणि माणसे अशक्तपणाने मरत. हा स्कर्व्ही नावाचा रोग. फळे-भाज्यांतील 'क' जीवनसत्त्वाच्या अभावी तो होतो. लिंबू-संत्र्याने तो बरा होतो हे जेम्स लिंड या जहाजी डॉक्टराने १७४७ मध्ये प्रयोगाने दाखविले. आपल्या परसातील लिंबाच्या झाडाची किंमत त्या खलाशांना विचारावी! स्टीफन्सच्या जहाजावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस मेली. इतर वेळच्या मानाने ही हानी फारशी मानली गेली नाही, असे तो लिहितो. 'मानली गेली नाही' हे जहाजावरच्या लोकांचे मत तो नोंदवितो. त्यावर आपले मत देत नाही. सत्तावीसांतील एकाचेही नाव पत्रात नाही. ते कोण होते, त्यांच्या घरी कुणी वाट पाहत होते काय, हे आपल्याला कळत नाही. केपच्या किनाऱ्यावरील रहिवाशांना तर त्याने न पाहताच रानटी आणि परक्यांचा जीव घेणारे ठरविले. तो ज्या जहाजातून आला ते व्यापाराचे आणि सत्तेचेही वाहन होते, हे येथे जाणवते. पुढे याच माणसाने येथील भाषांत जन्म घालविला आणि मराठीची थोरवी गायिली. न पाहिलेल्या किनाऱ्याविषयी लिहिणाऱ्या तरुणाला पाहिलेल्या किनाऱ्याने बदलविले, असे आम्ही मानतो.

जहाजे का बुडत, या प्रश्नाचे सोपे उत्तर 'वादळाने' असे आहे. कागदपत्रे निराळे सांगतात. पोर्तुगीज जहाजांच्या अपघातांचे बारा वृत्तान्त बेर्नार्दो गोमिश द ब्रितो याने १७३५-३६ मध्ये लिस्बनला दोन खंडांत छापले. त्यांतील सर्वांत गाजलेला वृत्तान्त 'सांव जुआंव' या जहाजाचा आहे. १५५२ च्या फेब्रुवारीत, म्हणजे मोसम उलटत असताना, ते कोचीनहून निघाले. पोटात मिरी ठासून भरलेली, वर इतर माल. शिडे जुनी आणि फाटकी, बदली शिडे नाहीत. जूनमध्ये आफ्रिकेच्या नाताळ किनाऱ्यावर ते फुटले. वाचलेली माणसे मोझांबिकच्या दिशेने पायी निघाली. त्यांचा नायक मानुएल द सौझा सेपुल्व्हेदा, त्याची पत्नी लिओनोर आणि मुले वाटेतच गेली. वादळ शेवटी आले. उशीर, हाव आणि फाटके शीड ही बंदरातूनच जहाजावर चढली होती. ज्या लाकडाची ही जहाजे असत ते आपल्याला अपरिचित नाही. गोवा आणि कोचीन येथे पोर्तुगीज सागवानी जहाजे बांधीत. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे १८१७ सालचे सागवानी लढाऊ जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर आहे. ज्या जातीच्या लाकडाच्या चौकटी आमच्या जिल्ह्यातील घरांना बसतात, तेच ते लाकूड. चांगले सागवान दोनशे वर्षे टिकते. माणसाच्या निर्णयाने तेच एका मोसमात बुडते.

गोव्याजवळच्या समुद्रात सुंची नावाच्या खडकापाशी दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या संशोधकांनी एका बुडालेल्या पोर्तुगीज जहाजाचा शोध घेतला. ते सतराव्या शतकाच्या आरंभीचे असावे, असे त्यांचे मत आहे. तेथे तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे मिळाले. जवळच्याच सेंट जॉर्ज खडकापाशी दुसऱ्या एका जहाजाचा माल सापडला. त्यात बासेल मिशनच्या कारखान्याचा १८६५ सालचा छाप असलेल्या भाजक्या मातीच्या वस्तू होत्या. हे संशोधन मोलाचे आहे. परंतु त्याची सूची वाचताना एक गोष्ट खटकते, आणि तो दोष संशोधकांचा नव्हे, समुद्राचा आहे. माल राहिला, माणसे नाहीत. हस्तिदंत मोजता येतो. तो वाहून नेणारे हात मोजता येत नाहीत.

या पार्श्वभूमीवर संत लूकचा अध्याय वाचावा. सर्व प्राचीन वाङ्मयात शिडाच्या जहाजाच्या प्रवासाचे आणि नाशाचे इतके तपशीलवार वर्णन क्वचितच सापडेल. पौलाला कैदी म्हणून रोमला नेत आहेत. लुक्या प्रांतातील मुर्या बंदरात त्यांना इटलीला निघालेले आलेक्सांद्रियाचे जहाज मिळते. ही मिसरचा गहू रोमला नेणारी जहाजे फार मोठी असत. दुसऱ्या शतकातील लुकियान या ग्रीक लेखकाने अशाच एका जहाजाची लांबी १२० हात सांगितली आहे. उपवासाचा दिवस उलटून गेलेला, म्हणजे शरद ऋतू लागलेला. समुद्रप्रवासाचा मोसम संपत आलेला. पौल सांगतो, पुढे जाऊ नका. शताधिपती कैद्याचे न ऐकता तारवाच्या मालकाचे आणि सुकाणूवाल्याचे ऐकतो. येथेही वादळापूर्वी एक निर्णय आहे, आणि तो कुणाच्या शब्दाला किती वजन होते यावर ठरला आहे. आमच्या कास्तकार वाचकांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. पाऊस आकाशातून येतो. पण बियाण्याचा भाव, कर्जाची मुदत आणि कापसाचा दर आकाशातून येत नाहीत.

मग ईशान्येकडून तुफानी वारा सुटतो. लूक काय सांगतो ते पाहा. मागे बांधलेली होडी मोठ्या कष्टाने वर घेतली. जहाजाच्या फळ्या निखळू नयेत म्हणून दोर खालून घालून त्याला आवळले. भरलेल्या बंडीला आपण दोर आवळतो त्याच हेतूने. दुसऱ्या दिवशी माल फेकला, तिसऱ्या दिवशी सामानसुमान. पुष्कळ दिवस सूर्य दिसला नाही, तारे दिसले नाहीत. होकायंत्र नसलेल्या काळात याचा अर्थ केवळ अंधार असा नाही. आपण कुठे आहोत हे कळण्याचा मार्गच बंद झाला असा आहे. चौदाव्या रात्री खलाशांना जमिनीची चाहूल लागते. ते पाण्याची खोली मोजतात : वीस वाव, थोड्या अंतराने पंधरा वाव. जेम्स स्मिथ या स्कॉटिश नौकाप्रेमी गृहस्थाने स्वतः माल्टात राहून, खलाशांचा अनुभव विचारून, १८४८ मध्ये या प्रवासावर ग्रंथ लिहिला. अशा वाऱ्यात असे जहाज तासाला सुमारे दीड मैल वाहत जाईल असे धरले, तर क्लौदा बेटापासून माल्टापर्यंत तेरा दिवसांहून थोडा अधिक वेळ लागतो, असे त्याने गणित मांडले. लूकच्या चौदाव्या रात्रीशी ते जुळते. धर्मगुरूला आनंद व्हावा असे हे गणित आहे. पण आमचा आनंद केवळ ग्रंथ खरा ठरल्याचा नाही. पवित्र ग्रंथाचा लेखक दोर, होडी आणि पाण्याची खोली यांना क्षुद्र मानीत नाही, याचा आहे.

येथे भाषेविषयी दोन गोष्टी नोंदविणे अगत्याचे आहे. मूळ ग्रीकमध्ये खोलीचे जे माप आहे ते दोन्ही हात पसरल्यावर होणाऱ्या अंतराचे. मराठीतील 'वाव' म्हणजेही नेमके तेच. आमच्याकडे विहिरीची खोली परसांत, म्हणजे पुरुषाच्या उंचीत सांगतात. समुद्राची खोली हातांच्या पसाऱ्यात. दोन्ही मापे माणसाच्या देहाची आहेत. हा शब्द मीटरांत रूपांतरित केला तर अर्थ कळेल, पण दोरी हाताने ओढणारा खलाशी नाहीसा होईल. मराठीत शीड, डोलकाठी, सुकाणू, नाळ, तांडेल असे शब्द कोकणच्या दर्यावर्दी लोकांनी जिवंत ठेवले आहेत. भाषांतरकारांनी आणि प्रवचनकारांनी ते निःसंकोच वापरावेत, आणि वऱ्हाडातल्या मुलांना त्यांचा अर्थ समजावून सांगावा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हा अध्याय प्रथमपुरुषी अनेकवचनात आहे. ग्रीक भाषेला त्यासाठी एकच रूप पुरते. मराठीला 'आम्ही' की 'आपण' हे ठरवावे लागते. लूक वाचकाशी बोलतो तेव्हा 'आम्ही' म्हणतो. पौल जहाजावरील लोकांशी बोलतो तेव्हा तो 'आपण' म्हणणार. हा फरक मराठीची श्रीमंती आहे. त्याहून सूक्ष्म बदल असा की, अध्यायाच्या आरंभी लूकच्या 'आम्ही'त पौल, अरिस्तार्ख आणि तो स्वतः एवढीच माणसे आहेत. सदतिसाव्या वचनात तो सांगतो की, तारवात आम्ही सर्व मिळून २७६ जण होतो. चौदा दिवसांच्या वादळाने 'आम्ही' या शब्दाचा विस्तार केला आहे. त्यात आता शिपाई आहेत, कैदी आहेत, थोड्या वेळापूर्वी होडीतून पळू पाहणारे खलाशीही आहेत. स्टीफन्सच्या जहाजावर मेलेल्यांची संख्या आहे. लूकच्या जहाजावर जगलेल्या प्रत्येकाची गणती आहे. साहित्य म्हणून आणि शुभवर्तमान म्हणून लूकचा वृत्तान्त श्रेष्ठ ठरतो तो येथे.

ही गणती केव्हा येते? पौल सर्वांना जेवण्याचा आग्रह करतो. भाकर घेतो, सर्वांदेखत देवाचे आभार मानतो, ती मोडतो आणि खाऊ लागतो. ही पवित्र मिस्सा होती काय, यावर विद्वानांत मतभेद आहेत. आमचे नम्र मत असे की, भुकेल्या माणसांना खाऊ घालणे आणि देवाचे आभार मानणे यांची येथे फारकत करता येत नाही, आणि करूही नये. पोटभर जेवल्यावर ते उरलेला गहू समुद्रात टाकून जहाज हलके करतात. पुढे एकदा आम्ही हा अध्याय त्या माउलीला वाचून दाखविला, तेव्हा ती नेमकी याच जागी थांबली. "सारा गहू फेकला का जी?" असे तिने दोनदा विचारले. आमच्या सेमिनरीतील कुठल्याही भाष्यग्रंथाने आम्हांला या वचनापाशी थांबविले नव्हते. पेरणी ठाऊक असणाऱ्या माणसालाच कळते की, या वचनात काय गेले.

शेवटी जहाज वाळूत रुतते. नाळ घट्ट बसते, मागचा भाग लाटांनी फुटतो. कैदी पळून जातील या भीतीने शिपाई त्यांना मारण्याचा बेत करतात. शताधिपती तो मोडून काढतो. पोहता येणाऱ्यांनी आधी उड्या टाकाव्यात, बाकीच्यांनी फळ्यांवर आणि तारवाच्या तुकड्यांवर बसून यावे, असा हुकूम होतो. अशा रीतीने सर्व सुखरूप किनाऱ्यास लागतात. हा शेवट नीट पाहावा. तुफान शमत नाही. तारू वाचत नाही. माल वाचत नाही. प्रभूचे वचन तारवाविषयी नव्हतेच. ते माणसांविषयी होते. आणि ज्यांना पोहता येत नव्हते ते मोडक्या जहाजाच्याच तुकड्यांवर तरले.

त्या घरी आम्ही वाचायला हवा होता तो हा अध्याय. किंबहुना तो प्रसंग घडण्यापूर्वीच तो त्या घरात पोहोचायला हवा होता, हे अधिक खरे. शेत जाऊ शकते, पीक जाऊ शकते, घराची पतही जाऊ शकते. ते सारे गेल्यावरही माणूस वाचावा हेच देवाला हवे असते, हे आम्ही लोकांना वेळेवर सांगितले नाही. तारू आणि माणूस एकच, असा समज आम्हीच आमच्या सोप्या रूपकांनी पक्का केला. विश्वास धरा, तारू बुडणार नाही, असे सांगत राहिलो. आणि ज्याचे तारू बुडाले त्याला वाटले, आपला विश्वासच खोटा. पौल स्वतः करिंथकरांस लिहितो की, त्याचे तारू तीनदा फुटले आणि एक रात्र व एक दिवस त्याने अथांग पाण्यात काढला. त्याच्या विश्वासात काही उणे होते, असे कोण म्हणेल?

एक व्यावहारिक खंत नोंदवून हा लेख आवरता घेतो. पास्काकाळात आपण 'प्रेषितांची कृत्ये' रोजच्या मिस्सात जवळजवळ क्रमाने वाचतो. परंतु सातव्या आठवड्यातील शुक्रवारी पंचविसाव्या अध्यायातील उतारा येतो आणि शनिवारी एकदम अठ्ठाविसाव्या अध्यायातील सोळावे वचन : पौल रोमला पोहोचलेला असतो. मधले तुफान, भाकर, गहू, फळ्या, २७६ माणसे, सारे वगळले जाते. वाचनांची निवड करणाऱ्यांची अडचण आम्ही समजू शकतो. अध्याय मोठा आहे आणि मिस्साचा वेळ मर्यादित. पण घरात अशी मर्यादा नसते. म्हणून आमची आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांस आणि या त्रैमासिकाच्या वाचकांस विनंती आहे की, त्या आठवड्यातील शुक्रवारी रात्री जेवणापूर्वी सत्ताविसावा अध्याय मोठ्याने वाचावा. मुलांपैकी एकाने वाचावा, वडीलधाऱ्यांनी ऐकावा. अवघड शब्द आले तर थांबावे, रूपके करण्याची घाई करू नये. वाचून झाल्यावर शेजारच्या कुठल्या घरात दोर आवळण्याची वेळ आली आहे, कुणाला पोहता येत नाही, आणि आपल्यापाशी देण्याजोगी एखादी फळी आहे काय, एवढे एकमेकांना विचारावे. मग जेवावयास बसावे.